जुन्या लोकरीचं टोपडं

आमच्या वऱ्हाडात पोटातल्या लेकरासाठी आधी काहीच करून ठेवत नसत. झबलं नाही, टोपडं नाही, पाळणा नाही. गाय व्यायला आली तर तिच्यासाठी सरकीची ढेप महिनाभर आधी घरात येऊन पडायची. पेरणीआधी बी-बियाणं तयार असायचं. पण बाईचे नऊ महिने भरत आले तरी लेकराच्या नावाची एक चिंधी वेगळी काढलेली दिसायची नाही. लेकरू आलं, रडलं, की मग आजीच्या पेटीतून धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं निघायचं. ते टरकवायचं आणि त्यातच लेकरू गुंडाळायचं. नवं कापड अंगाला लागायचं ते पाचवी झाल्यावर, बहुतेक घरी तर बारशालाच. आत्यानं कुंची आणायची, माहेरून बाळंतविडा यायचा. बारा दिवस लेकरू टिकलं, आता त्याच्यावर खर्च करायला हरकत नाही, असा त्याचा रोकडा अर्थ.

याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येत नाही. गावच्या जुन्या सातबाऱ्यावर किंवा मतदार यादीत नावं वाचत बसा. दगडू, धोंडू, कचरू, भिकाजी, उकर्डा, नथ्थू. शहरातली नातवंडं हसतात. पण आधीची दोन-तीन गेल्यावर जे वाचलं त्याला दगडाचं नाव द्यायचं, उकिरड्यावर लोळवून उचलून आणायचं, पोराचं नाक टोचून त्याला नथ्थू म्हणायचं, म्हणजे घेऊन जाणाऱ्याला वाटावं की ह्यात नेण्यासारखं काही नाही. ही नावं म्हणजे गेलेल्या भावंडांची यादीच आहे, फक्त त्यांचीच नावं त्यात नाहीत. माझ्या बाबांचंही कागदावरचं नाव असंच होतं. ते इथं लिहीत नाही, त्यांना ते कधी आवडलं नाही.

आजी सांगायची, नऊ झाली आणि चार उरली. तिच्या सासूच्या वेळची गोष्ट याहून वाईट. 1918 च्या तापाच्या साथीत, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, वऱ्हाड आणि मध्यप्रांत देशातल्या सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांत होते. पण इतकं मागं जायचीही गरज नाही. 1971 साली, म्हणजे मी शाळेत पाढे म्हणत होते तेव्हा, देशात जन्मलेल्या दर हजार लेकरांमागे 129 लेकरं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. आठात एक. आठ घरांच्या गल्लीत एक घर. ज्या बाईला हे माहीत आहे ती आधी टोपडं कसं विणेल?

आणि तरीही बाया विणायच्या. चोरून, ट्रंकेच्या तळाशी लपवून. मीही विणलं. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला घेतलं.

माझं माहेर अमरावतीचं, राजापेठचं. बडनेऱ्याहून येणारी रेल्वेची फाट्याची लाइन घराजवळून जायची. आता तिथं पूल झाला, तेव्हा फाटक होतं. ते पडलं की सायकली, बंड्या, रिक्षे सगळे उभे. दिवाळीनंतर त्या थांबलेल्या बंड्यांवर कापसाचे डोंगर. रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना रुईचे पुंजके लटकलेले. एवढा कापूस भोवती असताना आम्हा पोरींना ओढ होती ती लोकरीची. नाही ते हवं वाटतं माणसाला.

विणणं हा शब्द तसा आपला जुनाच. बाज विणतात, टोपली विणतात, कापड विणतात. पण दोन सुयांवर टाके घालत नेऊन अंगावरचा कपडा उभा करायचा, ही कला इकडची नव्हे. ती साहेबांच्या मडमांबरोबर आली आणि मिशनच्या शाळांतून पोरींच्या हातात गेली. आपली लोकर धनगराची, काळ्या मेंढीची, भरड. तिचं सूत काढून मागावर घोंगडं विणायचं आणि चिंचोक्याची खळ द्यायची. पाऊस अडवायला त्यासारखं दुसरं नाही, पण लेकराच्या गालाला लागलं तर ओरखडा यायचा. मऊ लोकर लांबून यायची. कानपूरची लाल इमली गिरणी 1876 ची, पंजाबात धारीवालची तिच्यामागून निघाली. त्यांची लोकर आणि कपडा आपल्याकडं नोकरदारांच्या, वकिलांच्या घरी दिसायचा. खेड्यात ही कला शिरली ती स्वातंत्र्यानंतर. 2 ऑक्टोबर 1952 ला समूह विकास योजना सुरू झाली, मागोमाग ग्रामसेविका आल्या, महिला मंडळं निघाली, आणि शिवणाबरोबर विणकामाचे वर्ग सुरू झाले. त्याआधी आपल्या शाळांत टकळी होती. 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर सूतकताई आली, ती सेवाग्रामच्या वाऱ्यानं आमच्या बाजूलाही पोचली. आमच्या वेळेस टकळी गेली होती आणि कार्यानुभव नावाचा तास आला होता. त्या तासाला बाई आम्हाला सुलट-उलट शिकवायच्या. सायकलच्या चाकाच्या तारा घासून घेतलेल्या सुया होत्या माझ्या पहिल्या. दहावी झाली, पुढं काही शिकले नाही, पण ते सुलट-उलट हातात राहिलं.

हिवाळ्यात शहरात तिबेटी लोक स्वेटर विकायला बसायचे. त्यांच्या बाया गिऱ्हाईक नसलं की विणतच असायच्या, बोटांकडं न पाहता. पुढं मोठेपणी कळलं की त्यांच्यातल्या काहींना 1972 साली आपल्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यात गोठणगावला वसवलं. तेव्हा एवढंच वाटायचं, ह्यांचा देश कुठं, हे लोकर घेऊन आमच्या उन्हाच्या गावात काहून बसले असतील.

1979 ला लग्न झालं. सासर दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी, खोल, आणि खालचं पाणी खारट. विहीर खणली तरी पिकाला चालत नाही, पावसाच्या भरवशाचा कापूस आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा. मूर्तिजापुरातून शकुंतला गाडीत बसायचं, ती रमतगमत दर्यापूरला सोडायची, पुढं बैलबंडी. झाडं कमी, रान मोकळं. पौष-माघात त्या रानावरून जे हिव यायचं ते कुडाच्या भिंतीतून आत शिरायचं. वऱ्हाड म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं. इथली जानेवारीची पहाट त्यांनी पाहिलेली नसते.

पहिल्या वेळेस मी गरोदर होते तेव्हा माहेरून आणलेली हिरवी लोकर ट्रंकेत होती. रात्री चिमणीच्या उजेडात, घरातले झोपले की दोन-चार ओळी विणायची. नवऱ्याला माहीत होतं, तो काही बोलला नाही. सातव्यात मला राजापेठला पाठवायचं ठरलं होतं. तेवढ्यात ग्रहण आलं.

16 फेब्रुवारी 1980, शनिवार. शिवरात्र नुकतीच झाली होती, माघातली अमावास्या. खग्रास पट्टा कर्नाटकाकडून गेला, आपल्याकडं सूर्य पुरता झाकला नाही. पण दुपार कलताना उन्हाची धग गेली, कोंबड्या खुराड्याकडं वळल्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आठ दिवस आधीपासून सगळीकडं हाच विषय. सासूबाई म्हणाल्या, "गिऱ्हान होऊन जाऊ दे, मंग धाडतो. आता नोको रस्त्यानं फिरू." त्या दिवशी मला आतल्या खोलीत बसवलं. दार लावलेलं, खिडकीला पोतं. चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई-दोऱ्याला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. वय वीस वर्षांचं. अंधारात दोन-अडीच तास नुसतं ताठ बसून राहायचं. मी गोधडीखाली सुया ओढल्या आणि चार ओळी विणल्या. न पाहता, त्या तिबेटी बायांसारख्या.

सतरा दिवसांनी कळा सुरू झाल्या. आठवा नुकताच लागला होता. गाडी जुंपायलाही वेळ मिळाला नाही. मुलगा झाला, तळहाताएवढा. रडला, पण मांजराच्या पिलासारखा. सुईण अनुभवाची होती, तिनं गावातली निम्मी लेकरं काढलेली. रीतीप्रमाणं तिनं त्याला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, तेल लावलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं. पहाटे तो गार लागत होता. शेगडी पेटवली, कढत विटा फडक्यात बांधून जवळ ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला.

पाच-सहा दिवसांनी नणंद ओसरीवर बोलली, मला ऐकू जाईल अशी. "वयनीनं गिऱ्हान लागल्यावर सुया हातात घेतल्या होत्या. म्या पाह्यलं." ती पंधरा-सोळा वर्षांची पोर, तिला खरंच तसं वाटत होतं. सासूबाईंनी तिला गप्प केलं, पण मला पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही, आणि न विचारणंच जास्त लागलं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं की हो, हे आजही सांगता येत नाही. हिरवं टोपडं सुईवरच होतं. ते सुयांसकट ट्रंकेच्या तळाशी गेलं.

दोन वर्षं काही नाही. 1982 च्या पावसाळ्यात पुन्हा दिवस राहिले. या वेळेस सासूबाईंनीच घाई केली आणि संक्रांत होताच मला राजापेठला धाडलं. तारीख होळीच्या आगंमागं होती. त्या वर्षी होळी मार्चच्या शेवटी होती, म्हणजे अडीच महिने नुसते काढायचे. मी फाटकाकडं जायची, परत यायची. बडनेरा रोडवरची झाडं मोजायची. कडुनिंबाची पानं पिवळी पडून गळत होती. आई म्हणायची, पळस फुलला की आपलं झालं. शहरात पळस कुठला, पण बाजारच्या दिवशी खेड्यावरून येणाऱ्या बायांना मी विचारायची, तिकडं पळस फुलला का वो बाई. त्या हसायच्या. पोटावर हात ठेवून म्हणायच्या, "फुलते ना माय, फुलते."

विणायचं मात्र नाही. आईनं बाजारातून गुलाबी लोकर आणली, ती नव्या पद्धतीची, कॅशमिलॉन म्हणत तिला, धुवायला सोपी. मी हात लावला नाही. आईनं कारण विचारलं तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. आई रडली. आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती, तिनं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खुंटीवरचं बाबांचं जुनं स्वेटर काढलं. तपकिरी, कोपरं गेलेलं. कात्रीनं खांद्याची शिवण उलगडली आणि माझ्यासमोर टाकलं.

"उसव."

स्वेटर उसवायलाही अक्कल लागते. खालून वर विणलेलं असतं, म्हणून वरून खाली उसवायचं, जिथं टाके मिटवले तिथून. खालून ओढलं तर गुंता होतो. कोपरापाशी धागा तुटतो, तिथं गाठ मारायची. निघालेली लोकर शेवयांसारखी वाकडी असते. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार जागी सैल बांधायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि ओली असताना खाली लोट्याचं वजन लावून टांगायची. दोन दिवसांत सरळ होते. आजी हे सगळं शेजारी बसून करून घेत होती. मी म्हटलं, आजी, मला भीती वाटते.

"कायले भेतं? हे नवं हाय काय? तुया बापाच्या आंगावर सोळा वर्सं होतं. जुन्याले नजर लागत नाही." मग थोड्या वेळानं, वात वळता वळता, "अन् सुईनं लेकरू मरत असतं तं शिंप्याच्या घरी पाळनाच हालला नसता."

नऊ लेकरं काढलेल्या आणि पाच पुरलेल्या बाईचं हे बोलणं. मी बहात्तर टाके घातले. बारा नंबरच्या सुयांवर दोन सुलट दोन उलट अशी पट्टी, मग दहा नंबरवर सरळ. आठवडाभरात टोपडं डोक्याच्या घेरापर्यंत आलं. टाके कमी करत करत शेंड्याला आठ राहिले. आता धागा ओवून ओढला की झालं. आजी म्हणाली, "राहू दे. ते मी करीन. पोट्टं आल्यावर." म्हणजे तिनंही पूर्ण विश्वास टाकला नव्हता. आठ टाके सुईवर तसेच, शेंडा उघडा, असं ते टोपडं देवळीत ठेवलेलं असायचं. जाता-येता माझी नजर तिकडंच.

होळीच्या पाचव्या दिवशी डफरीनमध्ये मुलगी झाली. बाबा सायकलवर घरी सांगायला गेले. दुपारी आई डबा घेऊन आली, त्यावर फडक्यात टोपडं. शेंडा मिटवलेला. आजीच्या हाताला कंप होता, त्यामुळं गाठ जरा मोठी आली होती.

खरं काय झालं होतं ते मला कळायला वीस वर्षं गेली. 2001 मध्ये गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकारानं 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल निघाला. सरकारी दफ्तरात दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू महाराष्ट्रात होतात, हे त्यात मोजून दाखवलं होतं. पेपरात ते वाचलं आणि मग त्याविषयीचं जे मिळेल ते वाचत गेले. गडचिरोलीच्या 39 गावांत त्यांनी गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. 1995 पासून त्या घरी जाऊन नवजात लेकराला सांभाळू लागल्या, आणि तीन वर्षांत पहिल्या महिन्यातले मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. 1999 मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्या काय करत? श्वास बघत, वजन करत, जंतूंवर औषध देत. आणि ऊब राखत. दिवसांआधी आलेल्या लेकराच्या अंगावर चरबी नसते, त्याला मोठ्यांसारखं कापरं भरत नाही, अंग ओलं राहिलं की ऊब उडून जाते, आणि त्याच्या देहाच्या मानानं डोकं मोठं असल्यानं तिथून फार जाते. म्हणून कोरडं पुसा, आईच्या छातीला लावा, डोकं झाका, आंघोळ घालू नका. 2011 पासून आशाताई हेच सांगत घरोघरी फिरतात, बाळंतपण दवाखान्यात झालं तरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा.

डोकं झाका. हे वाचलं त्या रात्री मी ट्रंक उघडली. हिरवं टोपडं कसरीनं खाल्लं होतं, सुया गंजल्या होत्या. बोट-दीड बोट कमी होतं फक्त. मी भिऊन ट्रंकेत ठेवलं नसतं आणि त्या रात्री कसंही, सुईवरून उतरवून, दोऱ्यानं बांधून त्याच्या डोक्यावर घातलं असतं तर? वाचलाच असता असं नाही. तेवढ्या लहान लेकराला तेव्हा शहरातही वाचवणं सोपं नव्हतं. पण सुईचा दोष होता असं मी वीस वर्षं धरून चालले होते, ती सुई उलट त्याच्याच कामाची होती. सुईणीला मी दोष देत नाही. तिला जे माहीत होतं ते तिनं जिवापाड केलं.

सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं. तेव्हा त्या थकल्या होत्या. ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "माहे दोन गेले तवाही सुईणीनं आंघोळच घातली होती." त्यांचे दोन गेले होते हे मला त्या दिवशी कळलं.

माझी मुलगी 2009 मध्ये गरोदर राहिली. ती पुण्याला, नोकरीत. 22 जुलैला पहाटेचं सूर्यग्रहण होतं, आषाढातली अमावास्या. आमच्याकडं त्या दिवशी जिवतीचा कागद भिंतीला लावतात, लेकराबाळांची राखण करणारी ती. सकाळी सहाला फोन केला. ती उठली होती, म्हणाली, ऑफिसची गाडी सातला येते. मी एवढी वाचलेली, सगळं समजलेली, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून निघालं, "कात्रीला हात नको लावू गं." ती खूप हसली.

फोन ठेवला, जिवतीचा कागद लावला, हळदकुंकू वाहिलं. मग ओसरीत, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं बसून मी सुया घेतल्या. आभाळ भरलेलं, सूर्य दिसतच नव्हता. राजापेठहून आणलेलं ते तपकिरी टोपडं मी वर्षभर आधीच उसवून ठेवलं होतं. बाबांच्या स्वेटराची लोकर, तिसऱ्यांदा. लहान तुकडे झाले होते, म्हणून जोडीला पांढरी घेतली. शेजारची सून पाणी भरायला आली, तिनं पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. हात कापत होते, दोन टाके निसटले, ते पुन्हा उचलले.

फाल्गुनात नात झाली, पुण्याच्या दवाखान्यात. मी पिशवीत टोपडं आणि मोजे घेऊन गेले होते, शेंडा घरूनच मिटवून. नर्सनं मोजे परत दिले, मोठे होते. टोपडं ठेवून घेतलं.